पहिली बंदूक कोणाच्या हाती?

मुदखेडहून धर्माबादकडे जाताना उमरी लागते. निजामाच्या रेल्वेचा हा जुना मीटरगेज मार्ग. कापसाच्या बाजाराचे गाव आणि भोवती काळी जमीन. आता तालुक्याचे ठिकाण आहे, पूर्वी तेही नव्हते. या गावाचे नाव मराठवाड्याच्या इतिहासात एका दिवसासाठी कोरले गेले आहे. 30 जानेवारी 1948 रोजी हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिलढ्यातील एका सशस्त्र तुकडीने इथल्या बँकेवर छापा घातला आणि सुमारे 20 लाख रुपये सरहद्दीपलीकडे नेले. आमच्या भागात 'उमरी बँक' एवढे दोन शब्द उच्चारले की पुढचे सांगावे लागत नाही.

काही वर्षांपूर्वी मुक्तिदिनानिमित्त, म्हणजे 17 सप्टेंबरला, एका शाळेत बोलायला गेलो होतो. उमरीची हकीकत रंगवून सांगितली. मुले खूश होती. शेवटी सातवीतला एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, "सर, त्यांच्यात सगळ्यात लहान किती वर्षांचा होता? त्याच्याकडं पण बंदूक होती का?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. मुख्याध्यापकांनी आभार मानले, खाऊ वाटला गेला आणि कार्यक्रम संपला. प्रश्न मात्र माझ्याबरोबर एसटीत बसून घरी आला.

बंदूक हाती देण्याइतके पोर मोठे झाले, हे कोण ठरवते? कशावरून ठरवते? आपल्या इतिहासलेखनात बंदुका कुठून आल्या, किती आल्या, कोणी कुठे लपवल्या याचा तपशील हौसेने दिला जातो. ती पहिल्यांदा कोणाच्या हातात ठेवली गेली आणि ठेवणाऱ्याने त्या हाताकडे नीट पाहिले होते का, याची चर्चा फारशी होत नाही.

खरे तर पोराची तयारी जोखणे ही शेतकऱ्याच्या घरात रोजची गोष्ट आहे. आमच्याकडे त्याचा एक न लिहिलेला क्रम असे. आधी वासरे, मग गुरे. त्यानंतर रिकाम्या गाडीचा कासरा, मग भरल्या गाडीचा. कोळपे हाती येई ते पिकाला धक्का न लावता ओळीतून चालता येऊ लागल्यावर. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरायला मिळे ती सर्वांत शेवटी, कारण तिथे चूक झाली की ती उगवून वर येते आणि हंगामभर सगळ्या शिवाराला दिसते. चौदाव्या वर्षी चाड्यावर बसलेली पोरे होती आणि तिशी उलटली तरी बापाने मूठ धरू न दिलेले बापेही होते. वयाचा दाखला कोणी मागत नसे. बाप बांधावर उभा राहून पाहत असे, एवढेच.

आमच्या घरी ठासणीची एक बंदूक होती. परवान्याची, आजोबांच्या नावावरची. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरांसाठी जागल करावी लागे. पोरांच्या वाट्याला गोफण, पत्र्याचा डबा आणि शेकोटी. बंदुकीशी आमचा संबंध टप्प्याटप्प्याने आला. आधी चिंध्या आणून द्यायच्या, मग गज धरायचा, आणि बऱ्याच वर्षांनी दारू किती ओतायची ते पाहायला जवळ बसायचे. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागे, तेवढ्या एका दिवशी लहानांनाही तिला हात लावता येई. निवडणूक आली की आजोबा ती पोलीस ठाण्यात जमा करून येत आणि नंतर परत आणत. नळी कोणाकडे वळलेली नसावी, ती रिकामी असली तरीही, हे आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो. आजोबांना विचारले की मला कधी उडवायला द्याल, तर म्हणत, "मागायचं सोडशील तेव्हा."

या घरगुती मापाने आपल्या इतिहासातला एक प्रसिद्ध प्रसंग मोजून पाहू. त्यासाठी मराठवाड्यातूनच, पण औरंगाबादेतून, निघावे लागेल.

अनंत लक्ष्मण कान्हेरे हा मूळचा कोकणातला मुलगा औरंगाबादला शिकत होता. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्याने कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या घातल्या. तेव्हा त्याचे वय सतरा-अठराच्या घरात होते. पिस्तूल ब्राउनिंग बनावटीचे. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत अशी 20 पिस्तुले हिंदुस्थानात पाठवली होती. अनंताचा नेम चुकला तर पुढे व्हायला कृष्णाजी गोपाळ कर्वे तयारीत होते. विनायक नारायण देशपांडेही तयारीत होते. कर्वे वयाने मोठे, कायद्याचे विद्यार्थी. पहिली गोळी मात्र सर्वांत धाकट्याकडे आली. ती त्याने स्वतः मागून घेतली होती, सहकाऱ्यांवर संकट येऊ नये म्हणून, हेही त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात तिघांनाही फाशी झाली.

या मुलाची तयारी कशी पाहिली गेली, याची एक कथा त्याच्या चरित्रांतून येते. औरंगाबादच्या मित्रमंडळीत त्याची परीक्षा झाली. तापलेल्या सांडशीचा चटका त्याने सोसला, आणि पेटत्या दिव्यावरची तापलेली काच दोन्ही हातांनी धरून ठेवली. तोंडातून आवाज काढला नाही. लहानपणी ही कथा ऐकताना अंगावर काटा येई. आजही येतो, पण आता त्यात दुसरा विचार मिसळतो. ही परीक्षा सोसण्याची होती. पकडला गेला तर पोलिसांच्या माराला हा मुलगा पुरून उरेल का, हे तिच्यातून कळत होते, आणि कट करणाऱ्यांना तेच कळायला हवे होते. समोरचा माणूस कोण आहे, त्याला मारल्याने काय साधेल, ऐन वेळी हात मागे घेता येईल का, यांतले काहीही त्या काचेने तपासले नाही. जॅक्सन हे संस्कृतचे अभ्यासक होते. बाबाराव सावरकरांवरील खटल्यामुळे क्रांतिकारकांचा त्यांच्यावर रोष होता. त्यांची बदली झाली होती आणि नाटकाचा तो प्रयोग त्यांच्या निरोपाप्रीत्यर्थच ठेवलेला होता.

त्या रात्रीचे नाटक होते 'शारदा'. गोविंद बल्लाळ देवलांचे 1899 चे हे नाटक म्हाताऱ्याशी लावून दिल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचे. म्हणजे रंगमंचावर एका लेकराचे वय आणि त्याच्यावर लादलेली गोष्ट यांचा न्याय चालणार होता, आणि प्रेक्षकांत एक मुलगा खिशात पिस्तूल घेऊन बसला होता. नाटककाराने रचले असते तर अतिरंजित वाटले असते.

मुलांचे वय हा विषय त्या काळच्या मराठी समाजाला अपरिचित होता असे नाही. उलट त्याच विषयावर दोन पिढ्या भांडल्या. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन मुलींसाठीची मर्यादा 10 वरून 12 वर गेली, तेव्हा पुण्यातली वर्तमानपत्रे पेटली होती. टिळक विरोधात आणि आगरकर बाजूने. 1929 च्या सारडा कायद्याने लग्नासाठी मुलीचे वय 14 आणि मुलाचे 18 ठरवले, त्याआधीही सभा, पत्रके, शास्त्रार्थ झाले. मुंज कितव्या वर्षी, शाळा कितव्या वर्षी, मुलगी किती वर्षांची असताना सासरी पाठवावी, या सगळ्यांवर मराठीत रीमच्या रीम कागद खर्ची पडला. मुलाच्या हाती शस्त्र कितव्या वर्षी द्यावे, हा वाद त्या तोलाने कधी झाला नाही. तो गुप्ततेत घ्यायचा निर्णय होता हे एक कारण. दुसरे असे की जे तो घेत होते, तेही कोवळेच होते. 1909 मध्ये खुद्द विनायकराव सावरकर 25-26 वर्षांचे होते. त्या साखळीत वर वर चढत गेलो तरी बांधावर उभा राहून पाहणारा बाप सापडत नाही.

त्याच नाशिकमध्ये पुढे या प्रश्नाचे दुसरे उत्तर उभे राहिले, तेही उघड आणि संस्थेच्या रूपाने. नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे 1931 मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना इटलीत थांबले, 19 मार्चला मुसोलिनीला भेटले आणि तिथल्या 'बालिला' संघटनेच्या शाळा व कवायती त्यांनी पाहिल्या. आठव्या वर्षापासूनची मुले गणवेशात, त्यांच्या मापाच्या छोट्या बंदुका खांद्यावर. मुंजे प्रभावित झाले. हिंदी तरुणांना लष्करी शिक्षण मिळत नाही, सैन्यात अधिकारी इंग्रज, आणि उद्या स्वराज्य आले तर त्याचे रक्षण कोण करणार, ही त्यांची चिंता खरी होती. 1937 मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले. गुप्त खोलीतल्या तापल्या काचेपेक्षा शाळेचे मैदान, शिक्षक, वेळापत्रक आणि पालकांची संमती हे केव्हाही बरे. पण बालिलाच्या नमुन्याबद्दल माझी तक्रार आहे. तिथे आठ वर्षांच्या पोराला हुकूम पाळणे शिकवत होते आणि हुकूम करणारा एकच होता. मापाची बंदूक बनवणे सोपे असते. एखाद्या हुकमाला नाही म्हणता येईल इतके वाढण्याची वाट पाहणे लांबचे काम असते आणि मुसोलिनीला ते नको होते.

आता पुन्हा मराठवाड्यात येऊ. इथे प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहिला, कारण इथे निर्णय घेणारे मास्तर होते.

निजामी राजवटीत मराठी माध्यमाच्या शाळा मोजक्या होत्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा 1921 ची. औरंगाबादचे सरस्वती भुवन, सेलूचे नूतन विद्यालय, मोमिनाबादचे म्हणजे आजच्या अंबाजोगाईचे योगेश्वरी, ही सारी नुसती शिक्षणाची ठिकाणे राहिली नाहीत. सभाबंदीच्या राज्यात लोकांना एकत्र बसता येईल अशी ती जागा होती. संस्थानातल्या काँग्रेसचे सर्वांत मोठे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यास घेण्यापूर्वी व्यंकटेश भगवान खेडगीकर होते आणि हिप्परग्याच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. पुढे 1935 पासून मोमिनाबादला शिकवत. गोविंदभाई श्रॉफ शिक्षक. बाबासाहेब परांजपे शिक्षक. पोराला शाळेत घालताना बापाने त्याच्यावरचा अधिकार ज्यांच्या हवाली केला होता, तेच लढ्याचे पुढारी झाले.

ऑगस्ट 1947 मध्ये लढा सुरू झाला तो सत्याग्रहाने. 7 ऑगस्टला 'हिंदी संघराज्यात सामील व्हा' दिन पाळला गेला. तिरंगा लावणे, शिंदीची झाडे तोडणे, करोडगिरीचा कर न भरणे, शाळा-कॉलेजांवर बहिष्कार. विद्यार्थी वर्गातून बाहेर पडले ते त्यांच्या गुरुजींच्या पाठोपाठ. मग रझाकारांचा जोर वाढला. लातुरात वकिली करणारा कासिम रझवी त्यांचा सर्वेसर्वा झाला. गावे लुटली जाऊ लागली, जळू लागली. लोक सरहद्द ओलांडून वऱ्हाडात, सोलापूर-नगरकडे गेले. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखाली कृती समिती झाली आणि संस्थानाच्या सीमेभोवती कॅम्प उभे राहिले. नांदेडकरांसाठी महत्त्वाचा कॅम्प उमरखेडचा, पैनगंगेपलीकडे. नदीच्या अलीकडे हदगाव निजामाचे, पलीकडे उमरखेड भारताचे.

या कॅम्पांवर शाळा सोडून आलेली मुले होती. मिसरूड न फुटलेलीही होती. आणि तिथे बंदुका होत्या. ठासणीच्या, बाराबोर, थोड्या रायफली, हातबॉम्ब. लक्ष्य होते नाके, पोलीस चौक्या, रेल्वेमार्ग. इथे मास्तरांपुढे जो प्रश्न आला असेल तो कोणत्याही अध्यापनशास्त्रात नव्हता. कालपर्यंत ज्याच्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, त्याच्या हाती आज काय द्यायचे? निरोप्याचे काम? पत्रकांची पिशवी? की बंदूक? पत्रके नेणाऱ्या पोराला धोका कमी, असे मानायचे कारण नाही. हातात काही नसताना रझाकारांच्या गावातून चालत जाणे हे बंदूक घेऊन टेकडीमागे बसण्यापेक्षा अवघड असू शकते. म्हणून लहानांना 'सुरक्षित' काम दिले ही सबब लढ्याच्या दिवसांत टिकत नाही. मुलाला लढ्यात घेतले, की बंदूक दिली काय आणि न दिली काय, त्याच्या जिवाची जोखीम वडीलधाऱ्यांनी उचललेलीच असते. बंदूक दिल्यावर एक गोष्ट वाढते: दुसऱ्याच्या जिवाची जोखीम त्या मुलाकडे जाते. ते ओझे त्याने पुढची पन्नास वर्षे वाहायचे असते.

जालन्याकडच्या दगडाबाई शेळके यांचे उदाहरण इथे आठवते. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे लग्न लहानपणीच लावले गेले. पुढे कॅम्पवर त्या शस्त्र चालवायला शिकल्या आणि घोड्यावरून रझाकारांच्या ठाण्यांशी झुंजल्या. संसारासाठी 'तयार' आहे का, हे कोणी विचारले नव्हते. बंदुकीसाठी मात्र त्यांनी स्वतः पाऊल उचलले. बायकांच्या बाबतीत तयारी ठरवण्याचे आपले गणित किती उलटे होते, हे यातून दिसते.

एक गोष्ट या मास्तरांच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्यांच्यापैकी बहुतेकांना शस्त्राचे कौतुक नव्हते. स्वामीजी गांधींना मानणारे, खादीधारी संन्यासी. जानेवारी 1948 मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली आणि पोलीस कारवाई संपेपर्यंत ते तुरुंगात होते. बाहेर जे चालले होते ते अहिंसेच्या व्याख्येत कसे बसवायचे, याची टोचणी त्या पिढीला शेवटपर्यंत होती. मला ही टोचणी मोलाची वाटते. बंदूक देताना ज्याचा हात थोडा अडखळतो, अशाच माणसाने ती द्यावी.

आणि मग ती तारीख. उमरीच्या बँकेवर छापा पडला तो दिवस 30 जानेवारी 1948. त्याच दिवशी संध्याकाळी 5 वाजून 17 मिनिटांनी दिल्लीत बिर्ला भवनाच्या हिरवळीवर गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. उमरीची बातमी देशाच्या कानावर पडण्याआधीच दुसऱ्या बातमीखाली गाडली गेली. आमच्या भागातले लोक हा योगायोग हळहळून सांगतात, की इतकी मोठी कामगिरी झाकली गेली.

मला त्या योगायोगात आणखी एक गोष्ट दिसते. दिल्लीत पिस्तूल चालवणारा मराठी माणूस 37 वर्षांचा होता. वृत्तपत्राचा संपादक, लिहिता-बोलता. कोणत्याही कायद्याने, कोणत्याही मोजपट्टीने प्रौढ. सोसण्याची परीक्षा घेतली असती तर तीही तो उत्तीर्ण झाला असता. फाशीपर्यंत तो डगमगला नाही. आणि त्याच दिवशी उमरीत शस्त्रे घेऊन आलेल्या माणसांनी, तरुणांनी, लाखो रुपये हाताळले, ते स्वतःच्या घरी गेले नाहीत, लढ्याच्या खर्चाला गेले. एकाच दिवसाच्या या दोन बंदुका शेजारी ठेवल्या तर वयाचा आकडा अपुरा पडतो. चाड्यावर तिशीपर्यंत बसू न दिलेला बाप्या आठवतो.

तरी कायद्याला आकडा लागतोच. कायदा बांधावर उभा राहू शकत नाही.

1959 च्या शस्त्र कायद्याने बंदूक बाळगायला किमान वय ठेवले होते 16. 1983 च्या दुरुस्तीने ते 21 केले. तेव्हा मतदानाचे वयही 21 होते. 1989 मध्ये मतदान 18 वर आले, बंदूक 21 वरच राहिली. म्हणजे आमदार कोण हे ठरवता येईल, गाडी चालवता येईल, पण बंदुकीसाठी आणखी तीन वर्षे थांबा. पुरुषाच्या लग्नाचे वयही 21, आणि महाराष्ट्रात कडक दारूचा परवाना 25 व्या वर्षी. सरकारच्या मते महाराष्ट्रातला तरुण आधी मतदार होतो, मग नवरा आणि बंदूकधारी एकाच वर्षी, आणि दारू पिण्याइतका शहाणा सर्वांत शेवटी. गंमत बाजूला ठेवली तरी या आकड्यांमागे एक जाण आहे: माणूस सगळ्या बाबतींत एकाच दिवशी मोठा होत नाही.

त्याच कायद्यात एक दार उघडे ठेवलेले आहे. प्रशिक्षणासाठी, ठरवून दिलेल्या अटींवर, कमी वयाच्या मुलाला बंदूक वापरता येते. नेमबाजीच्या खेळासाठी ते वय 12 ठरवले आहे. मुलाने बंदूक बाळगायची नाही, कोणीतरी जबाबदार शेजारी असताना वापरायची. मालकी आणि सराव यांत कायद्याने केलेली ही फोड मला आजोबांच्या गजाची आठवण करून देते. जगानेही उशिरा का होईना याच दिशेने विचार केला. मुलांना युद्धात ओढू नये यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2000 चा. भारताने तो 2005 मध्ये मान्य केला. तेव्हा आपल्या सैन्यात साडेसोळाव्या वर्षी भरती होता येत असे, पण 18 पूर्ण होईपर्यंत प्रत्यक्ष आघाडीवर पाठवत नसत. 2015 च्या बालन्याय कायद्याने लहान मुलांना हाताशी धरणाऱ्या सशस्त्र टोळ्यांना 7 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. कान्हेरेचा किंवा उमरखेडचा काळ या कायद्यांनी मोजता येणार नाही. गुलामीत आणि जळत्या गावांत शांत काळातले नियम लावणे हा आपल्या सोयीचा शहाणपणा झाला असता. पण ज्यांना आपण हुतात्मे म्हणतो त्यांना बंदूक देणारे कोण होते, हे विचारायला कुठल्याच काळाची आडकाठी नसावी.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचे गाव आहे. तिथल्या एका शिक्षकाचा मुलगा 2009 मध्ये, चौदाच्या आसपास असताना, क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि नेमबाजीकडे वळला. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले. स्वप्नील कुसाळे. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. या खेळाच्या रेंजवर नवख्या मुलाचे पहिले दिवस पाहावेत. गोळी दिसतच नाही. उभे राहणे, श्वास, खांद्याला दस्ता टेकवणे, कोऱ्या बंदुकीने सराव. 'थांबा' म्हटल्याबरोबर बोट घोड्यावरून बाहेर येते की नाही, यावर प्रशिक्षकाची नजर. चटका सोसायला कोणी सांगत नाही. नेम नीट बसला नाही तर बंदूक खाली घे, पुन्हा श्वास घे, हे मात्र शंभरदा सांगतात. औरंगाबादच्या त्या खोलीत नेमकी हीच परीक्षा राहून गेली होती.

माझा स्वतःचा अनुभव एनसीसीचा. ही संघटना 1948 चीच, उमरी आणि पोलीस कारवाईच्या मधल्या महिन्यांत जन्मलेली. नववीत असताना फायरिंगसाठी आम्हाला नेले. पॉइंट टू-टूची रायफल, पंचवीस यार्डांवर कागद, प्रत्येकाला पाच गोळ्या. आदल्या रात्री झोप लागली नाही. माझी पाळी आली, चटईवर पालथा झालो, रायफल हातात घेतली. तेवढ्यात मागून कोणीतरी मित्राने हाक मारली आणि मी वळून पाहिले. नुसता मी वळलो नाही, माझ्याबरोबर नळीही वळली. रायफल रिकामी होती. उस्ताद ओरडले नाहीत. पुढे आले, माझ्या हातून ती काढून घेतली, बोल्ट ओढून आत बोट घालून पाहिले आणि म्हणाले, "अगले साल." एवढेच. बाकीच्यांच्या गोळ्यांचे आवाज ऐकत मी दिवसभर झाडाखाली बसलो. घरी काय सांगावे कळेना. सांगितले तेव्हा आजोबांनी विचारले, "त्या मास्तरचं नाव काय?" नाव मला ठाऊक नव्हते. "विचारून ये," म्हणाले, "हुरड्याला बोलवू."

पुढच्या वर्षी उस्तादांनी मला पाच गोळ्या दिल्या. त्यांतल्या तीन कागदावर लागल्या, दोन मातीत. हुरड्याला मात्र ते आले नाहीत, त्यांची बदली झाली होती.

आजोबा गेल्यावर बंदूक घरात ठेवता येईना. परवाना त्यांच्या नावावरचा. वडिलांनी तो आपल्या नावावर करून घेतला नाही आणि माझ्याही नावाचा विषय कोणी काढला नाही. ती ठाण्यात जमा झाली, कायमची. तिच्या बदल्यात एक पावती मिळाली, निळ्या शाईतली. दसऱ्याला पाटावर कोयता, विळा, तिफणीचा फण, नातवाची सायकल आणि हल्ली लॅपटॉपही मांडतात. आई होती तोवर ती पावतीही ठेवायची, आणि तिच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचे बोट लावायची. शाई पुसट झाली आहे, पण डागामुळे कोपरा ओळखू येतो.